मानसशास्त्रात पदवी घेताना : अभ्यास, नोंदणी आणि पुढची वाट

धागालेखिका (कला शाखा, दुसरे वर्ष, सातारा)

नमस्कार. मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि उत्तरपत्रिकाही मी मराठीतच लिहिते. पुढे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हावे अशी इच्छा आहे, पण त्या वाटेबद्दल जितक्या माणसांना विचारावे तितकी निराळी उत्तरे मिळतात. कुणी सांगते की पदवीनंतर समुपदेशनाची सहा महिन्यांची ऑनलाइन पदविका करून काम सुरू करता येते. कुणी म्हणते की एम.फिल. (पदव्युत्तर पदवीनंतरची पदवी) केल्याशिवाय काहीच करता येत नाही, आणि त्याच दमात असेही सांगते की एम.फिल. आता बंद होत आहे. वडिलांचे म्हणणे असे की या विषयात नोकऱ्या नाहीत, त्यापेक्षा पदवीबरोबरच स्पर्धा परीक्षेची तयारी करावी. त्यांची काळजी मला समजते, आणि त्यांच्यासमोर खात्रीची माहिती ठेवता यावी म्हणून हा धागा काढला आहे. या क्षेत्रात शिकवणाऱ्या किंवा प्रत्यक्ष काम करणाऱ्या मंडळींनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात : कायद्याने नेमके काय लागते, आणि पदवीची उरलेली वर्षे मी कशी वापरावीत?

प्रतिसाद : निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलते आणि दुसऱ्याचे फारसे बदलत नाही.

पदवीच्या वर्गात येणारी बहुतेक मुले अपसामान्य मानसशास्त्राच्या ओढीने येतात. छिन्नमनस्कता, नैराश्य, व्यक्तिमत्त्वाचे विकार यांवरची प्रकरणे ती तास सुरू होण्याआधीच वाचून येतात, आणि संख्याशास्त्र व प्रयोग या दोन पेपरांकडे मात्र नाइलाज म्हणून पाहतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. विकारांची लक्षणे पदवीच्या पातळीवर कितीही पाठ केली तरी पुढे रुग्णासमोर बसून ती नव्याने शिकावीच लागतात. मोजण्याची आणि निरीक्षणाची शिस्त मात्र याच वयात अंगवळणी पडली तर पडते, नंतर ती लावून घेणे फार जड जाते.

म्युलर-लायर भ्रमाचा, म्हणजे सारख्या लांबीच्या रेषा लहान-मोठ्या वाटण्याचा, साधा प्रयोग घ्या. एका रेषेच्या टोकांना आत वळलेले बाण असतात, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले, आणि सरकपट्टी हलवून दोन्ही रेषा सारख्या वाटतील तिथे प्रयुक्ताने (ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने) थांबायचे असते. तो समाधानाने थांबतो तेव्हा मागच्या मोजपट्टीवर प्रत्यक्षात बरेच मिलिमीटर अंतर उरलेले असते. बहुतेक विद्यार्थी सरासरी काढतात, जर्नलात, म्हणजे प्रयोगवहीत, आलेख चिकटवतात, सही घेतात आणि मोकळे होतात. पण पट्टी आतून बाहेर सरकवली तेव्हा आणि बाहेरून आत आणली तेव्हा उत्तर वेगळे का आले, डावी-उजवी बाजू आलटून पालटून का द्यायची, प्रत्येक प्रयुक्ताला सूचना शब्दशः त्याच का वाचून दाखवायच्या, हे प्रश्न ज्याला पडतात तो खऱ्या अर्थाने मानसशास्त्र शिकू लागलेला असतो. पुढे एखाद्या मुलाची बुद्धिमत्ता चाचणी घेताना सूचना सैल झाली, हातातले घड्याळ चार सेकंद उशिरा थांबले किंवा चेहऱ्यावरून उत्तराचा सुगावा दिला गेला, तर गुणांक बदलतो, आणि त्या गुणांकावर त्या मुलाचे अपंगत्व प्रमाणपत्र आणि शाळेतल्या सवलती अवलंबून असतात. जर्नलातली शिस्त तिथे उपयोगी पडते.

संख्याशास्त्राबद्दलही हेच. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य प्रत्येकाला पाठ असते. पण वर्तमानपत्रात ‘मोबाइल वापरणारी मुले अधिक चिंताग्रस्त’ अशी बातमी आली की तीच मुले ती जशीच्या तशी खरी धरतात. नमुना कुठून घेतला, किती जणांचा होता, चिंता कोणत्या चाचणीने मोजली, ती चाचणी याच वयोगटासाठी आणि याच भाषेत प्रमाणित झालेली होती का, हे विचारण्याची सवय लावून घ्या. जामोव्ही नावाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. वर्गात प्रयोगातून गोळा झालेले आकडे त्यात भरून स्वतः तपासत बसावे, म्हणजे प्रमाण विचलन आणि सार्थकता हे शब्द परीक्षेपुरते राहत नाहीत.

या विषयाचा जन्मच प्रयोगशाळेत झाला, हे विसरू नये. १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी प्रयोगशाळा काढली, कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली भारतातला पहिला विभाग सुरू झाला, आणि पुणे विद्यापीठातला विभाग १९५० साली प्रा. कोठूरकर यांच्या पुढाकाराने उभा राहिला तो प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग म्हणूनच. कायद्याच्या बाजूबद्दल माझ्यापेक्षा प्रत्यक्ष व्यवसायात असलेल्यांनी लिहिलेले बरे.

प्रतिसाद : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुणे

प्राध्यापिकाबाईंच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी कायद्याची बाजू मांडतो आणि त्यात कसलीही संदिग्धता ठेवत नाही, कारण याच बाबतीत विद्यार्थ्यांची सर्वाधिक दिशाभूल होते.

प्रथम एक गल्लत दूर करू. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो, एम.बी.बी.एस. नंतर त्याने मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते आणि तो औषधे लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्राच्या वाटेने आलेला असतो. तो मूल्यमापन करतो, निदानात सहभागी होतो आणि मानसोपचार देतो, पण औषधे देत नाही. समुपदेशक हा तिसरा, आणि त्या नावाला आपल्याकडे दीर्घकाळ कायद्याचा नीट आधार नव्हता. त्यामुळेच ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांत उत्तम प्रशिक्षित माणसेही सापडतात आणि आठवडाभराच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणारेही सापडतात.

‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ ही संज्ञा मात्र कायद्याने बांधलेली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातील व्याख्येनुसार भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेली चिकित्सा मानसशास्त्रातील अर्हता लागते, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षण असलेले, परिषदेची मान्यता असलेले एम.फिल. लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना या व्यवसायात काम करणे हा त्या कायद्याखाली शिक्षापात्र गुन्हा आहे. तेव्हा ऑनलाइन पदविका करून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येते असे जे तुम्हाला सांगतात, ते चुकीचे सांगतात.

आता एम.फिल.बद्दल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी सर्वच विषयांत बंद केली. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांना मात्र लगेच बंद करता येणार नव्हते, कारण देशात आधीच तुटवडा असलेल्या व्यावसायिकांची भरती तिथूनच होत होती. म्हणून या दोन विषयांना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत वाढवून देण्यात आली. दरम्यान पुनर्वसन परिषदेने नवी रचना आणली आहे : चार वर्षांची चिकित्सा मानसशास्त्राची ऑनर्स पदवी, चिकित्सा मानसशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी, आणि सायडी ही व्यावसायिक डॉक्टरेट. तुम्ही ज्या वर्षी पदव्युत्तर प्रवेश घ्याल त्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून पाहा. संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि मान्यतेची मुदत हे तिन्ही जुळले पाहिजे. एखाद्या संस्थेच्या माहितीपत्रकात ‘चिकित्सा’ हा शब्द आहे एवढ्यावर पैसे भरू नका. ‘मानसशास्त्रात एम.ए., चिकित्सा विशेषीकरण’ आणि ‘परिषदेची मान्यता असलेली चिकित्सा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कित्येक विद्यार्थ्यांना दोन वर्षे आणि फी गेल्यानंतर कळतो.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि वर्तनआरोग्याच्या गटात मानसशास्त्रज्ञही त्याच्या कक्षेत आले. त्याच आधारावर विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देणे थांबवायला विद्यापीठांना सांगितले. नोकरी करून शिकणाऱ्यांची यात अडचण झाली, हे मला मान्य आहे, आणि त्यांच्यासाठी सायंकाळच्या वर्गांची सोय व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. पण प्रत्यक्ष माणसासमोर, अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली काम न करता कुणी मानसोपचार शिकतो, ही कल्पना मोडीत निघाली हे योग्यच झाले.

देखरेखीवर मी एवढा भर का देतो, ते सांगतो. प्रशिक्षणाच्या काळात सकाळी बाह्यरुग्ण विभागात रुग्णाचा इतिहास घ्यायचा, मनोवस्था परीक्षण लिहायचे आणि दुपारी वरिष्ठांसमोर ते मांडायचे, असा क्रम असतो. विद्यार्थी लिहून आणतो, ‘रुग्णाला चिंता वाटते’. वरिष्ठ विचारतात, रुग्ण काय म्हणाला? तो म्हणालेला असतो की संध्याकाळ झाली की छातीत कालवाकालव होते आणि घरात थांबवत नाही. वरिष्ठ पुढे विचारतात, संध्याकाळीच का, घरी त्या वेळी कोण येते, सुट्टीच्या दिवशीही होते का? विद्यार्थ्याने यातले काहीच विचारलेले नसते. तो परत जातो, रुग्णाशी पुन्हा बोलतो, आणि मग कळते की मुलगा दारू पिऊन घरी येण्याची ती वेळ आहे. उपचाराची सगळी दिशा तिथे बदलते. ही सुधारणा कुठल्याही ध्वनिचित्रफितीतून शिकता येत नाही.

प्रतिसाद : एक पालक, नाशिक

माझी मुलगी याच विषयात पहिल्या वर्षाला आहे, म्हणून हा धागा बारकाईने वाचतो आहे. नव्या धोरणात पदवी तीन वर्षांची घेता येते किंवा चार वर्षांची. चौथ्या वर्षाचा खर्च आणि वेळ यांचा खरोखर उपयोग होतो का, की ते वर्ष वाचवून थेट एम.ए. करणे शहाणपणाचे?

प्रतिसाद : निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर मुलीचा कल कुठे आहे त्यावर अवलंबून आहे. चौथे वर्ष केले तर त्यानंतरची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची होऊ शकते, त्यामुळे एकूण वर्षे तेवढीच भरतात. पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के किंवा अधिक गुण असतील तर संशोधनासह ऑनर्स घेता येते, आणि चार वर्षांच्या पदवीला तेवढे गुण असणाऱ्यांना पीएच.डी.च्या प्रवेशाचाही मार्ग मोकळा होतो. संशोधनात किंवा अध्यापनात जायचे असेल, आणि महाविद्यालयात प्रकल्पाला वेळ देणारे मार्गदर्शक असतील, तर चौथे वर्ष जरूर करावे. यातली दुसरी अट मी मुद्दाम घातली आहे. अनेक लहान महाविद्यालयांत मानसशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापक एक किंवा दोनच असतात, बाकीचे तासिका तत्त्वावर. तिथे चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प म्हणजे गूगल फॉर्मवर मैत्रिणींकडून भरून घेतलेली प्रश्नावली एवढाच राहण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी तीन वर्षांनी बाहेर पडून चांगल्या विभागात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेणे मी अधिक योग्य मानते. चिकित्सा मानसशास्त्राकडे जायचे असेल तर वर पुण्याच्या सरांनी लिहिलेली परिषदेची यादी पाहूनच ठरवावे, कारण तिथे वर्षांच्या हिशेबापेक्षा मान्यता महत्त्वाची आहे.

महाविद्यालयात अध्यापन करायचे तर पदव्युत्तर पदवीनंतर नेट ही राष्ट्रीय किंवा सेट ही आपल्या राज्याची पात्रता परीक्षा असते. त्या वाटेवर पूर्णवेळ जागा थोड्या आणि वाट पाहणे फार, हे पालकांनी गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

प्रतिसाद : शालेय समुपदेशक, ठाणे

धागालेखिकेच्या वडिलांचा प्रश्न नोकरीचा आहे, म्हणून शाळांबद्दल लिहिते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने बालक आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या व्यावसायिकाशी औपचारिक संबंध ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही, विशेषतः अनुदानित मराठी शाळांत हे पद भरायला पैसाच नसतो. तरीही शहरांत या कामाला मागणी वाढते आहे, हे मी रोज पाहते.

पण हे काम बाहेरून वाटते तसे नाही. लोकांना वाटते की समुपदेशक मुलांशी गोड बोलतो. माझ्या दिवसाचा मोठा भाग शिक्षकांशी आणि पालकांशी बोलण्यात जातो. सातवीतला एक मुलगा ‘आळशी’ म्हणून माझ्याकडे पाठवला गेला होता. त्याला धडा वाचायला दिला तेव्हा तो चित्र पाहून अंदाजाने वाक्ये रचत होता. जोडाक्षर आले की बोट ओळीवरून उचलून पुढच्या शब्दावर ठेवत होता. तोंडी विचारले तर मात्र संपूर्ण धड्याचा आशय त्याने व्यवस्थित सांगितला. ही विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात नोंदलेल्या एकवीस प्रकारांत तिचा समावेश आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र मिळाले तर राज्य मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण ते प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही. मी संशय नोंदवते, पालकांना समजावते, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीला पाठवते. आपली हद्द कुठे संपते हे ओळखणे हाच या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि पदवीच्या वर्गात त्याबद्दल फारच थोडे शिकवले जाते.

त्याचप्रमाणे लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा वाचल्याशिवाय कुणीही शाळेत पाऊल ठेवू नये. मुलाने अत्याचाराबद्दल सांगितले तर ते पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊन बसलेला समुपदेशक स्वतःही अडचणीत येतो आणि मुलाचा विश्वासही गमावतो. गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, मुलाला कळेल अशा शब्दांत सांगायची असते.

प्रतिसाद : मनुष्यबळ विभाग, पिंपरी-चिंचवड

औद्योगिक मानसशास्त्राबद्दल थोडक्यात लिहितो. या वाटेवर परिषदेच्या नोंदणीची गरज नसते, आणि पदवी किंवा पदव्युत्तर पदवीनंतर लवकर कमाई सुरू होते. निवड प्रक्रिया, प्रशिक्षण, कामगारांचे समाधान आणि सुरक्षिततेची सवय यांत मानसशास्त्राचा चांगला उपयोग होतो, आणि इथेही संख्याशास्त्र येणाऱ्यालाच पुढे वाव मिळतो. मात्र बहुतेक कंपन्या व्यवस्थापनाच्या पदवीधरांना आधी बोलावतात, त्यामुळे नुसत्या मानसशास्त्राच्या पदवीवर अवलंबून राहू नये. संरक्षण दलांच्या निवड मंडळांतही मानसशास्त्रज्ञ काम करतात. त्या परीक्षणामागचे संशोधन दिल्लीची संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था करते, हेही विद्यार्थ्यांना माहीत असावे.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांचा विरोध आता उरलेला नाही, पण त्यांनी एक प्रश्न विचारला जो माझ्याही मनात आहे. माझे इंग्रजी वाचन संथ आहे. प्रवेश परीक्षा इंग्रजीत, संशोधन लेख इंग्रजीत, पुढचा अभ्यासक्रम इंग्रजीत. मराठीतून शिकलेल्या मुलीने या वाटेला जावे का? शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नेमके काय करावे?

प्रतिसाद : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुणे

जरूर जावे. इंग्रजी वाचन वाढवावे लागेल, त्याला पर्याय नाही. रोज एका संशोधन लेखाचा सारांश वाचून तो पाच-सहा मराठी वाक्यांत लिहिण्याची सवय ठेवली तर वर्षभरात वेग येतो. पण तुमचे मराठी ही या व्यवसायातली मोठी जमेची बाजू आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत येणारी बहुसंख्य माणसे मराठीच्या कुठल्या ना कुठल्या बोलीत बोलतात. त्यांच्याकडून इतिहास घेताना भाषा अपुरी पडली तर निदान चुकते.

चाचण्यांबाबतही हेच आहे. परदेशी चाचणीचे नुसते भाषांतर करून चालत नाही, आपल्या मुलांवर तिची मानके (कोणत्या वयाला किती गुण सामान्य धरायचे ते) नव्याने तयार करावी लागतात. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. नागपुरात ए. जे. मालिन यांनी सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापनश्रेणीचे भारतीय रूपांतर केले. ही कामे मोलाची आहेत, पण ती जुनी झाली आहेत. आजच्या मुलांचा शब्दसंग्रह आणि अनुभव बदलला आहे, आणि अद्ययावत मराठी मानके असलेल्या चाचण्या मोजक्याच आहेत. मराठीवर पकड असलेल्या आणि संख्याशास्त्र नीट शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी इथे आयुष्यभराचे काम पडून आहे. अविवेकी विचार बदलण्यावर भर देणारी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत नेली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्थेने तिचे प्रशिक्षण मराठीतून दिले. म्हणजे हा विषय मराठीत गंभीरपणे करता येतो, याचा पुरावा आपल्यासमोरच आहे.

गोव्यातला अनुभवही पाहण्यासारखा आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संगथ या संस्थेने मानसिक आरोग्याचे पूर्वप्रशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नैराश्याच्या रुग्णांना मोजक्या सत्रांचा उपचार दिला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि तो उपचार परिणामकारक ठरला. अनेकजण यावरून असा निष्कर्ष काढतात की मग एवढ्या लांबलचक शिक्षणाची गरजच काय. ते एक गोष्ट पाहत नाहीत. त्या समुपदेशकांची सत्रे ध्वनिमुद्रित होत होती, सहकारी आणि तज्ज्ञ ती ऐकून गुण देत होते, आणि दुरुस्त्या सांगत होते. त्यांना पदव्या नव्हत्या, पण देखरेख कडक होती. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवले की बहुतेक मनोविकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. एवढी मोठी दरी केवळ तज्ज्ञांनी भरून निघणार नाही. अशा कार्यकर्त्यांना शिकवणारे, त्यांची सत्रे ऐकणारे, त्यांना सावरून घेणारे मानसशास्त्रज्ञ लागतील, आणि ते स्थानिक भाषेतच काम करणारे असावे लागतील.

प्रतिसाद : शालेय समुपदेशक, ठाणे

सुट्टीच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. ‘इंटर्नशिप’ या नावाखाली ऑनलाइन व्याख्याने ऐकवून शेवटी प्रमाणपत्र देणारे अनेक उपक्रम फी घेऊन चालतात. त्यांपासून दूर राहा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला रुग्णासमोर एकटे बसवणाऱ्या ठिकाणीही जाऊ नका, कारण जी संस्था तुम्हाला तसे करू देते ती त्या रुग्णाची पर्वा करत नाही. त्याऐवजी साताऱ्यातच विशेष मुलांची शाळा, वृद्धाश्रम, बालगृह किंवा व्यसनमुक्ती केंद्र शोधा आणि तिथे रोज ठरावीक वेळ मदतनीस म्हणून जा. मुलांना जेवू घालणे, खेळ घेणे, वृद्धांना पेपर वाचून दाखवणे अशी कामे मागा. घरी येऊन त्या दिवशी पाहिलेले एक वर्तन लिहा : काय घडले, त्याआधी काय झाले होते, त्यानंतर कोण काय म्हणाले. आपला अर्थ वेगळ्या रकान्यात लिहा. कुणाचेही नाव वहीत लिहू नका आणि ती वही कुणाला दाखवू नका, मार्गदर्शक शिक्षकांचा अपवाद सोडून. संस्थेने परवानगी दिल्याशिवाय छायाचित्र काढू नका.

प्रतिसाद : एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मी या विषयाकडे स्वतःच्या त्रासामुळे वळलो. बारावीत असताना मला नैराश्य आले होते आणि उपचाराने मी बरा झालो. आता पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशा माणसाने या व्यवसायात यावे का, हे मला कुणाला विचारता आले नव्हते.

प्रतिसाद : निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर

तुम्ही हे लिहिलेत ते फार चांगले केलेत, आणि याचे उत्तर स्पष्टपणे ‘होय’ असे आहे. माझ्या वर्गात या कारणाने येणारी मुले दरवर्षी असत, आणि त्यांतली काही पुढे अतिशय समंजस व्यावसायिक झाली. लक्ष एकाच गोष्टीकडे द्यावे लागते. समोरच्याचे दुःख ऐकताना आपले जुने दुःख जागे होते, आणि मग आपल्याला ज्याने बरे वाटले तेच त्यालाही लागू पडेल असे वाटू लागते. त्याला दुसरेच काही हवे असू शकते. म्हणून शिक्षण चालू असताना स्वतःचा उपचारकर्ता पूर्णपणे सोडू नका. अधूनमधून भेटत राहा. अपसामान्य मानसशास्त्र शिकताना प्रत्येक प्रकरणातली लक्षणे स्वतःमध्ये दिसू लागतात, हे जवळजवळ सर्वच विद्यार्थ्यांचे होते आणि त्याने घाबरून जाऊ नये. पण झोप उडाली, जेवण तुटले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो अभ्यासाचा परिणाम समजून अंगावर काढू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

साताऱ्याच्या मुलीलाही हाच सल्ला आहे. पुढच्या सत्रात प्रयोगाचे जर्नल सुरू होईल तेव्हा एखाद्या प्रयोगाचे आकडे अपेक्षेच्या उलट आले, तर वर्गमैत्रिणीच्या वहीतून ‘बरोबर’ आकडे उतरवू नका. जसे आले तसे लिहा, आणि चर्चेच्या भागात ते तसे का आले असावेत यावर एक परिच्छेद लिहून शिक्षकांना दाखवा.